ऑटिस्टिक मुलीची अँक्झायटी आणि डिप्रेशन, गोळ्यांनी फरक पडत नाहीये, पुढे काय?

मृद्गंधा_प

नमस्कार. मोठं लिहितेय, वेळ असेल तेव्हा वाचा. मुलगी वीस वर्षांची आहे, ऑटिस्टिक आहे, निदान अकरावीत झालं, तोपर्यंत शाळेत सगळे हुशार पण अबोल एवढंच म्हणायचे. आता ती पुण्यात हॉस्टेलला राहून स्टॅटिस्टिक्स शिकते, आम्ही नाशिकला. हॉस्टेलला गेल्यापासून अँक्झायटी खूप वाढली आणि मग हळूहळू डिप्रेशन, म्हणजे अंघोळ नाही, मेसला जायचं नाही, फोन उचलायचा नाही, तिला आवडणारी हवामानाची आकडेवारी गोळा करायचं कामपण बंद. आधी एस्सिटालोप्राम दिलं, मग सर्ट्रालिन, मग त्यात थोडं अ‍ॅरिपिप्राझोल. डॉक्टर चांगले आहेत, ऐकून घेतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण तिला बरं वाटत नाहीये आणि शेवटची गोळी सुरू झाल्यापासून ती रात्री खोलीत येरझाऱ्या घालते, एका जागी बसवत नाही म्हणते. पुढच्या वेळी डोस वाढवू असं म्हणालेत.

एका काउन्सेलरकडेपण जात होती. तिथे निगेटिव्ह विचार लिहायचे आणि ते खरे आहेत का असं स्वतःला विचारायचं असा गृहपाठ होता. मुलीने मला सांगितलं, "आई, मेसमध्ये खूप आवाज होतो हा माझा विचार नाहीये, आवाज होतोच." मला यावर काय बोलावं कळेना, कारण ती बरोबर बोलतेय.

तर ज्यांच्या घरात हे झालंय किंवा जे स्वतः ऑटिस्टिक आहेत त्यांना विचारायचंय की औषधाने भागलं नाही तेव्हा नक्की कशाने फरक पडला. चमत्कारी डाएट आणि स्टेम सेलवाल्यांचे नंबर कृपया नकोत, ते व्हॉट्सॲपवर खूप येतात.

कृष्णाकाठ

वाचतेय. भाच्यासाठी हवंय.

रंकाळा

ताई, स्टेम सेलचं लिहिलंत ते बरं केलंत. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे ऑटिझमसाठी ते रीतसर चाचणीच्या बाहेर देताच येत नाही, तरी लोक लाखो रुपये घालवतात.

माझा मुलगा २६ वर्षांचा, कोल्हापूर. तो फारसा बोलत नाही, चित्रांच्या ॲपवर बोट ठेवून सांगतो. त्याची केस वेगळी आहे पण एक गोष्ट सगळ्यांना लागू होईल म्हणून सांगतो. तो मध्ये गालावर बुक्क्या मारून घ्यायला लागला, झोपेना, जेवेना, तेव्हा एका मोठ्या दवाखान्यात बिहेवियर वाढलंय म्हणून रिस्पेरिडोन (अ‍ॅरिपिप्राझोलच्याच गटातली गोळी) वाढवून दिलं. त्याने तो नुसता सुस्त झाला आणि वजन वाढलं, गाल बडवणं तसंच. शेवटी एका दाताच्या डॉक्टरांनी भूल देऊन बघितलं तर दाढेच्या मुळाशी पू झाला होता. दाढ काढली, बुक्क्या थांबल्या. म्हणून माझं म्हणणं असं की गोळी लागू पडत नाही म्हटल्यावर पहिल्यांदा शरीर तपासा, दात, कान, बद्धकोष्ठता, अॅसिडिटी, थायरॉइड, बी १२, सगळं. आमच्या मुलांना दुखतंय हे सांगता येतंच असं नाही, आणि बोलणाऱ्या मुलांनापण कुठे दुखतंय ते नीट कळतंच असं नाही.

लोहमार्ग

मृद्गंधाताई, मी ३४, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, ऑटिस्टिक, निदान नोकरी लागल्यानंतर झालं. तुमची मुलगी जे मेसबद्दल म्हणाली ना, अगदी तेच मी पहिल्या थेरपिस्टना सांगत होतो आणि त्यांना वाटत होतं मी सहकार्य करत नाहीये.

मला डिप्रेशन म्हणून जे होत होतं त्यातलं बरंचसं बर्नआउट होतं हे नंतर समजलं. ऑटिस्टिक बर्नआउट असंच म्हणतात त्याला, २०२० मध्ये डोरा रेमेकर या अमेरिकेतल्या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑटिस्टिक प्रौढांशीच बोलून त्यावर पेपर लिहिला, रेमेकर स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यात तीन गोष्टी येतात, खूप काळ न जाणारा थकवा, आधी जमणारी कामं जमेनाशी होणं, आणि आवाज-उजेड-स्पर्श सहन व्हायचं प्रमाण अजून कमी होणं. डिप्रेशनमध्ये साधारणपणे सांगतात की बाहेर पड, लोकांना भेट, उद्योगात राहा. बर्नआउटमध्ये तेच केलं तर माणूस अजून खाली जातो, मी गेलोय. मला आधी भार कमी करावा लागला. दिवसभर ऑफिसात चेहऱ्यावर बरोबर भाव ठेवणं, नजरेला नजर देणं, चहाच्या टपरीवर सगळे हसले की हसणं, आणि संध्याकाळी घरी नातेवाईक बसलेले असतील तर परत तेच. आपल्याकडे लग्नं, बारशी, हळदीकुंकू, "अरे काकांशी बोल की जरा", हे सगळं प्रेमाने असतं पण आमचं त्यात सगळं संपतं. मॅनेजरशी बोलून मी कोपऱ्यातली जागा आणि काही दिवस घरून काम मागितलं, घरी सांगितलं की ऑफिसनंतर एक तास माझ्या खोलीत कोणी येऊ नये. हे झाल्यावर त्याच गोळीचा त्याच डोसमध्ये थोडा उपयोग जाणवायला लागला, आधी जाणवत नव्हता.

अजून एक. थेरपिस्ट विचारायचे "कसं वाटतंय" आणि मला खरंच सांगता यायचं नाही. खोटं नाही बोलत, आत काय चाललंय त्याला नावच सापडायचं नाही. याला अॅलेक्सिथायमिया म्हणतात आणि २०१९ च्या एका मोठ्या आढाव्यात साधारण निम्म्या ऑटिस्टिक लोकांमध्ये सापडलं, बाकी लोकांत पाच टक्क्यांच्या आसपास. मग दुसऱ्या थेरपिस्टनी भावना विचारणं बंद केलं आणि जबडा आवळलेला आहे का, पोटात काय होतंय, किती झोप झाली, पाणी प्यायलास का असं विचारायला लागल्या. ते मला सांगता येतं. त्यावरून मग आम्ही दोघं मिळून शोधायचो की हा राग आहे की भूक आहे की भीती.

डेन्मार्कच्या माया टूडाल म्हणून आहेत, त्यापण ऑटिस्टिक, त्यांची एनर्जी अकाउंटिंगची पद्धतपण करून बघा, कशात ताकद जाते आणि कशातून येते याची जमाखर्चाची वही. मुलगी स्टॅटिस्टिक्सवाली आहे तर तिला आवडेल असं वाटतं. माझ्या जमेच्या बाजूला लोणावळ्याच्या घाटात बँकर इंजिनं (चढावर गाडीला मागून रेटणारी जादा इंजिनं) बघत बसणं आहे आणि मी ते आता औषधाइतक्याच गंभीरपणे घेतो.

ठाणेकर_मानसी

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, ठाण्यात काम करते, ऑटिस्टिक किशोरवयीन आणि प्रौढ बरेच येतात. इथे कोणाचं निदान करणार नाही पण माहिती देऊ शकते.

पहिलं म्हणजे मृद्गंधा, येरझाऱ्या आणि एका जागी न बसवणं हे डॉक्टरांना आजच फोन करून सांग, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नकोस. अ‍ॅरिपिप्राझोल आणि त्या गटातल्या गोळ्यांनी अकथिझिया नावाचा त्रास होऊ शकतो, आतून तगमग, पाय हलवत राहावेसे वाटणं. ते बाहेरून अँक्झायटी वाढल्यासारखंच दिसतं आणि मग डोस वाढवला जातो आणि तगमग अजून वाढते. हे तेच आहे असं मी म्हणत नाही, पण ती गोळी सुरू झाल्यावर लागलीच सुरू झालं ही माहिती डॉक्टरांना हवीच. सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रामच्या गटातल्या गोळ्यांनीपण काही ऑटिस्टिक लोकांना उलट उत्तेजित व्हायला होतं. २००९ मध्ये अमेरिकेत १४९ ऑटिस्टिक मुलांवर सिटालोप्रामची चाचणी झाली, ती पुनरावृत्तीच्या वागण्यासाठी होती, चिंतेसाठी नाही, त्यात औषध प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा, सरस ठरलं नाही आणि औषध घेणाऱ्या मुलांत झोप उडणं, उतावळेपणा, चंचलपणा जास्त दिसला. म्हणून बरेच जाणकार डॉक्टर अगदी कमी डोसने सुरू करून हळूहळू वाढवतात.

आणि खरं सांगायचं तर ऑटिस्टिक लोकांच्या चिंता आणि नैराश्यावर थेट केलेल्या औषधांच्या चाचण्या फारच थोड्या आहेत. अमेरिकेत ऑटिझममध्ये मंजूर असलेली औषधं दोनच, रिस्पेरिडोन २००६ आणि अ‍ॅरिपिप्राझोल २००९, आणि तीपण मुलांच्या चिडचिडीसाठी. बाकी सगळं इतर लोकांवरच्या अनुभवावरून दिलं जातं. काहींना छान फायदा होतो, मी बघितलंय, त्यामुळे औषध वाईट असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण एकामागून एक गोळ्या बदलूनसुद्धा फरक नाही म्हणजे हिची केस अवघड असा अर्थ काढू नका. हिला त्रास कशाचा होतोय हे कोणी बारकाईने बघितलंय का, हा प्रश्न मी आधी विचारते.

काउन्सेलिंगबद्दल. सीबीटी (विचार आणि वागणं यांच्यावर काम करणारी थेरपी, तो गृहपाठ त्यातलाच) ऑटिस्टिक लोकांना उपयोगी पडत नाही हे खरं नाही, पण ती बदलून द्यावी लागते. २०२० मध्ये जेफ्री वूड आणि त्यांच्या टीमचा अभ्यास आला, ७ ते १३ वयाची १६७ ऑटिस्टिक मुलं, काहींना नेहमीची सीबीटी, काहींना ऑटिझमसाठी बदललेली, काहींना जे एरवी मिळतं तेच. नेहमीच्या सीबीटीनेपण फायदा झाला पण बदललेलीने सगळ्यात जास्त. ब्रिटनमध्ये उपचार कसे द्यावेत ते ठरवणाऱ्या नाईस संस्थेने प्रौढांसाठी २०१२ पासून हेच लिहून ठेवलंय, लेखी आणि चित्रांचा वापर जास्त करा, विचारांची उलटतपासणी कमी आणि प्रत्यक्ष वागण्यातले बदल जास्त, गोलगोल न बोलता सरळ बोला, मध्ये विश्रांती द्या, त्या व्यक्तीच्या आवडीचा विषय आत आणा, चालत असेल तर घरच्या माणसाला बरोबर घ्या. आवाजाला "हा तुझा विचार आहे" म्हणणं यात कुठेच बसत नाही. मुलीचं उत्तर अगदी योग्य होतं.

भीती आणि सेन्सरी त्रास यात फरक करायला लागतो. कुत्र्याची भीती असेल तर हळूहळू जवळ जाण्याचा सराव कामी येतो. ताटांच्या खणखणाटाने कानात दुखत असेल तर रोज मेसमध्ये बसवून ते दुखणं जाईल असं धरून चालता येत नाही, तिथे डबा खोलीवर आणायची परवानगी किंवा गर्दी ओसरल्यावर जेवण हा उपचार आहे.

आणि तिसरी गोष्ट अनिश्चितता. ऑटिस्टिक लोकांच्या अँक्झायटीत याचा वाटा मोठा असतो, न्यूकॅसल विद्यापीठात यावर बरंच काम झालंय. लेक्चर अचानक रद्द, व्हायवा कधी ते माहीत नाही, रूममेट बदलणार की नाही माहीत नाही. जे आधी सांगता येईल ते आधी सांगायचं, लेखी. आणि जे सांगता येणार नाही त्यासाठी "असं झालं तर मी हे करेन" असं कार्डावर लिहून ठेवायचं. बिनमहत्त्वाच्या छोट्या अनिश्चित गोष्टींचा सराव नंतर, जरा बरं वाटायला लागल्यावर.

स्वस्थचित्त

सर्वांनी छान लिहिलंय. पण मला वाटतं या रासायनिक गोळ्या पूर्ण बंद करून रोज सकाळी अनुलोम विलोम आणि ध्यान सुरू करा. माझ्या मेहुण्यांचं डिप्रेशन त्यानेच गेलं.

ठाणेकर_मानसी

तुमच्या मेहुण्यांना बरं वाटलं हे छानच झालं, पण गोळ्या एकदम बंद करण्याचा सल्ला कृपया इथे देऊ नका. सर्ट्रालिन किंवा एस्सिटालोप्राम अचानक थांबवलं तर चक्कर, मळमळ, विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं, प्रचंड चिडचिड असं होऊ शकतं आणि मूळ त्रासपण उसळून येऊ शकतो. कमी करायचं तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने.

ध्यानाला विरोध नाही. नेदरलँड्समध्ये २०१३ मध्ये ४२ ऑटिस्टिक प्रौढांवर माइंडफुलनेसचा अभ्यास झाला, त्यांची चिंता, नैराश्य आणि तेच तेच विचार घोळवणं कमी झालं. पण तो कार्यक्रम त्यांच्यासाठी बदललेला होता, उपमा काढून टाकलेल्या, गती कमी. काही जणांना श्वासाकडे लक्ष दे म्हटलं की जास्त घाबरायला होतं, त्यांना पायाच्या तळव्यांकडे लक्ष देणं किंवा सरळ चालणं जास्त मानवतं.

लोहमार्ग

+१. मला श्वास मोजायला सांगितलं की श्वासच अडकतो. सायकल चालवली की डोकं शांत होतं.

अनुजा_ओटी

ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, नागपूर. आमच्याकडे लोकांना वाटतं ओटी म्हणजे लहान मुलांचे झोपाळे आणि बॉल. मोठ्यांसाठीपण खूप करता येतं. मुलीला एक पूर्ण दिवस सकाळपासून झोपेपर्यंत लिहायला सांगा, कुठे कुठे आवाज, उजेड, वास, स्पर्श, गर्दी. हॉस्टेलमध्ये मी काय काय ऐकलंय सांगते, लुकलुकणारी ट्यूबलाइट, बाथरूममधला फिनाइलचा वास, वरच्या मजल्यावरची खुर्ची ओढणं, युनिफॉर्मचं लेबल, तीन जणींच्या खोलीत रात्री दोनपर्यंत चालू राहणारा दिवा. एकेक गोष्ट किरकोळ दिसते पण दिवसभर हे सगळं अंगावर घेऊन रात्री झोप येणार कशी आणि झोप नसेल तर कुठली गोळी काम करणार. लेबल कापा, टेबललॅम्प पिवळा लावा, डोळ्यावर पट्टी, कानात बोळे किंवा नॉइज कॅन्सलिंग हेडफोन. जड गोधडी काहींना आवडते, काहींना अजिबात नाही, तिलाच ठरवू द्या.

गणपतीत पुण्यात मध्यवस्तीत राहत असेल तर ते दिवस तिला नाशिकला आणता येतंय का बघा. ढोलताशा आणि डीजेचा आवाज खिडकी लावून थांबत नाही, आणि विसर्जनाच्या रात्री तर कुठेच थांबत नाही.

यॉर्कशायरची_सई

इथे लीड्सला आहे, नवरा ऑटिस्टिक. इथे एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, टॉकिंग थेरपीला नाव घालताना मी ऑटिस्टिक आहे, मला या या सोयी लागतील असं सांगता येतं आणि कायद्याने त्यांना त्याचा विचार करावा लागतो. नवऱ्याने प्रत्येक सेशनची रूपरेषा आदल्या दिवशी ईमेलवर मागितली, दरवेळी तीच खोली आणि तीच वेळ, आणि सेशन संपल्यावर काय ठरलं ते लेखी. वेटिंग लिस्ट मात्र फार लांब आहे, त्यामुळे इथे सगळं छान आहे असं समजू नका. पण हे मागायला पैसे लागत नाहीत, भारतातल्या थेरपिस्टकडेपण मागता येईल. जे नाही म्हणतील त्यांच्याकडे पुढे जाण्यात अर्थ नाही.

मृद्गंधा_प

सगळ्यांचे मनापासून आभार, एकेक पोस्ट मुलीला वाचून दाखवली, लोहमार्ग यांची तिने स्वतः परत वाचली. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी लगेच बोलावलं आणि ती नवी गोळी कमी करायला सांगितलीये, येरझाऱ्यांची शंका त्यांनापण रास्त वाटली.

एक अवघड प्रश्न आहे. ती मध्ये म्हणाली की सकाळी उठायलाच नको असं वाटतं. मी विचारलं जीव द्यावासा वाटतो का तर नाही म्हणाली. पण मला धाकधूक आहे. कसं विचारायचं?

ठाणेकर_मानसी

विचारलंस ते बरोबर केलंस, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. पण ऑटिस्टिक व्यक्ती बऱ्याचदा प्रश्नाचं शब्दशः उत्तर देते. आत्ता या मिनिटाला वाटतं का, याला "नाही" आणि काल रात्री वाटलं होतं का, याला "हो" असं असू शकतं. म्हणून वेगवेगळं आणि नेमकं विचार, गेल्या आठवड्यात मरून जावंसं वाटलं का, कसं करायचं याचा विचार केला का, काही जवळ ठेवलंय का. बोलायला जड जात असेल तर टाइप करून किंवा ० ते १० आकड्यात. इंग्लंडमध्ये सारा कॅसिडी यांच्या टीमने ऑटिस्टिक प्रौढांना बरोबर घेऊन अशीच प्रश्नावली बदलून घेतली, कारण नेहमीचे प्रश्न त्यांना नीट लागू पडत नव्हते. २०१८ च्या त्यांच्या अभ्यासात मन मारून इतरांसारखं वागत राहणं आणि हवी ती मदत न मिळणं या दोन गोष्टींचा आत्महत्येच्या विचारांशी संबंध दिसला होता. योजना किंवा साधन असं काही उत्तर आलं तर तिला एकटं ठेवू नका, गोळ्या आणि बाकी वस्तू ताब्यात घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टर किंवा हॉस्पिटल. टेलिमानस १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, मराठीतपण बोलतात.

आणि एक लक्षात ठेव, ती एकदम खूप संथ झाली, दारात अडकल्यासारखी उभी राहायला लागली, बोलणं किंवा खाणं बंद झालं तर ते साधं डिप्रेशन नसू शकतं. कॅटाटोनिया असू शकतो, त्याचे उपचार वेगळे आणि बऱ्यापैकी परिणामकारक आहेत, पण ताबडतोब सायकिअॅट्रिस्टना दाखवावं लागतं.

रंकाळा

ताई, मुलीचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलंय का? २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझम आहे. सर्टिफिकेट असेल तर परीक्षेत तासाला वीस मिनिटं जास्त वेळ, वेगळी खोली असं कॉलेजकडे रीतसर मागता येतं. आणि नॅशनल ट्रस्टची निरामय विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात थेरपीचा खर्चपण काही प्रमाणात बसतो. हेलपाटे आहेत पण काढून ठेवा.

आणि आमच्या घरी मुलाची दाढ निघाल्यावरपण मधे तो खूप खचला होता, त्याचं डे सेंटर बंद पडलं म्हणून. तेव्हा कुठल्याच गोळीने तो उठला नाही. चुलतभावाच्या किराणा दुकानात डाळी वजन करून पुड्या बांधायचं काम त्याला मिळालं, दुपारची शांत वेळ, फोटोंचा तक्ता भिंतीवर, रोज तेच. त्याला वजनकाट्याचे आकडे फार आवडतात. हळूहळू जेवायला लागला, ॲपवर "दुकान" वर बोट ठेवून सकाळी मागे लागतो. तुमच्या मुलीची हवामानाची आकडेवारी परत सुरू होतेय का तिकडे लक्ष ठेवा, मार्क आणि हजेरी नंतर बघता येईल.

मृद्गंधा_प

काका, खूप छान वाटलं वाचून. यूडीआयडी काढलेलं नाही, या आठवड्यात फॉर्म भरते.

आम्ही दोघींनी बसून डॉक्टर आणि नवीन थेरपिस्टसाठी एक पान केलंय. कुठली गोळी कधी सुरू झाली आणि कधी काय झालं, झोपेचा तक्ता, हॉस्टेलमधल्या त्रासाच्या जागा तिच्या क्रमाने, तिला सेशनमध्ये काय हवंय (प्रश्न आधी लेखी, उपमा नकोत, पंख्याचा आवाज नसलेली खोली), आणि वॉर्डनकडे मागायच्या दोन गोष्टी, डबा खोलीवर आणि एकटीची खोली. कॉलेजचं हे सत्र संपेपर्यंत तिने दोन पेपर मागे ठेवायचं ठरवलंय, घरात थोडी कुरकुर झाली पण मी तिच्या बाजूने आहे. मानसी, यात काही राहिलंय का?

ठाणेकर_मानसी

पान एकदम मस्त झालंय. झोपेच्या तक्त्यात पाळीच्या तारखा टाका, पाळीच्या आधीच्या आठवड्यात मूड खूप खाली जात असेल तर ते वेगळं हाताळता येतं. कॉफी आणि एनर्जी ड्रिंक किती, तेपण. एकाग्रतेचा त्रास लहानपणापासून असेल तर एडीएचडीची (लक्ष टिकत नाही, चंचलपणा असतो त्याची) तपासणी झालीये का ते विचारा, दोन्ही एकत्र असणं खूप कॉमन आहे. वॉर्डनना द्यायचं पत्र वेगळं करा, त्यात औषधांचा उल्लेख नको, फक्त सोयी. आणि थेरपिस्टना पहिल्याच फोनवर विचारा की ऑटिस्टिक प्रौढांबरोबर काम केलंय का आणि त्यांच्यासाठी पद्धतीत काय बदल करता. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं नाव बघू, पुण्यातली दोन-तीन मी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.